दयेला विद्येची जोड : डॉ. सिस्टर मेरी ग्लाउरी



भल्या शोमरोन्याची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. जखमी वाटसरूला पाहून त्याला दया आली, एवढे आपल्या लक्षात राहते. पण लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात पुढचेही सांगितले आहे. त्याने जखमांवर तेल व द्राक्षारस ओतला, पट्ट्या बांधल्या. नुसती दया येऊन भागले नसते. जखम कशी बांधावी हेही त्याला ठाऊक होते. दयेला विद्येची जोड देणाऱ्या एका धर्मभगिनीची आज आपण ओळख करून घेऊ या.

भारतातील स्त्रियांना स्त्री डॉक्टर मिळावी, या तळमळीने आपल्या आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. १८८६ साली त्या डॉक्टर झाल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये अवघ्या एकविसाव्या वर्षी पुण्यात वारल्या. त्याच वर्षी २३ जून रोजी ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया प्रांतात, बिरेगुरा या गावी मेरी ग्लाउरी यांचा जन्म झाला. १९१० साली त्या मेलबर्न विद्यापीठातून डॉक्टर झाल्या. शहरात त्यांचा जम बसला.

१९१५ साली त्यांच्या हाती एक पुस्तिका आली. ती होती स्कॉटलंडच्या डॉ. ॲग्नेस मॅक्लारेन यांच्याविषयी. साठी ओलांडल्यावर कॅथलिक झालेल्या या बाईंनी रावळपिंडी येथे स्त्रियांसाठी इस्पितळ उभे करण्यास पुढाकार घेतला होता. पडद्यातील स्त्रिया पुरुष डॉक्टरला नाडीसुद्धा दाखवत नसत. बाळंतपणात आई आणि मूल दोघेही दगावत. ते वाचून मेरींचा निश्चय झाला : आपले पाचारण भारतात आहे.

पण वाटेत एक मोठी अडचण होती. व्रतस्थांनी डॉक्टरकी करू नये, असा तेव्हा ख्रिस्तसभेचा नियम होता. त्यामागे हेतू होता. व्रतस्थ जीवन आणि प्रार्थना जपायची होती. परंतु जे जपण्यासाठी नियम केला, तो बाळंतिणीच्या जिवाआड येऊ लागला तर काय करावे? मॅक्लारेनबाईंनी बंड केले नाही आणि त्या गप्पही बसल्या नाहीत. रोमला जाऊन त्या पुनःपुन्हा विनंती करीत राहिल्या. १९१३ मध्ये त्या वारल्या, तोवर नियम बदलला नव्हता. तो बदलला १९३६ साली. आज्ञापालन म्हणजे मुकेपणा नव्हे, हे आपण त्यांच्याकडून शिकावे.

मेरींनीही घाई केली नाही. वाट पाहण्याच्या काळात त्यांनी अभ्यास वाढवला. १९१९ मध्ये त्यांनी एम.डी. पदवी मिळवली, प्रसूतिशास्त्र, स्त्रीरोग आणि नेत्ररोग हे त्यांचे विषय होते. फेब्रुवारी १९२० मध्ये त्या आंध्रातील गुंटूरला पोहोचल्या आणि जीझस मेरी जोसेफ या संस्थेत दाखल झाल्या. त्यांचे नाव झाले सिस्टर मेरी ऑफ द सेक्रेड हार्ट. पोप बेनेडिक्ट पंधरावे यांनी त्यांना डॉक्टरकी करण्याची खास परवानगी दिली. अशी परवानगी मिळालेल्या त्या पहिल्या धर्मभगिनी डॉक्टर मानल्या जातात.

गुंटूरच्या छोट्याशा दवाखान्यातून पुढे सेंट जोसेफ इस्पितळ वाढले. सिस्टरांनी तेथील मुलींना परिचारिका, सुईण आणि कंपाउंडर म्हणून तयार केले. आपल्या दोन हातांनी किती जीव वाचणार, हे त्यांना कळत होते. म्हणून त्यांनी विद्या वाटली. १९४३ साली काही धर्मभगिनींना सोबत घेऊन त्यांनी कॅथलिक इस्पितळांची संघटना स्थापली. आज ती कॅथलिक हेल्थ असोसिएशन ऑफ इंडिया म्हणून ओळखली जाते. कॅथलिक वैद्यकीय महाविद्यालयाचे स्वप्नही त्यांनी पाहिले होते. बंगळूरचे सेंट जॉन्स १९६३ मध्ये सुरू झाले. ते पाहायला त्या नव्हत्या. ५ मे १९५७ रोजी कर्करोगाने त्यांचे बंगळूर येथे निधन झाले. सदतीस वर्षांत त्या एकदाही मायदेशी परतल्या नाहीत. २०१३ साली ख्रिस्तसभेने त्यांना 'देवाची सेविका' म्हणून घोषित केले.

'एवढी शिकली आणि आता सिस्टर व्हायचं म्हणते! शिक्षण वाया गेलं!' असे उद्गार आपल्या घरांतूनही ऐकू येतात. मेरींचे शिक्षण वाया गेले का? देवाची कृपा आपल्यातील गुण पुसून टाकीत नाही, त्यांना पुरते कामाला लावते. याची दुसरी बाजूही आपण ध्यानात घेऊ या. मन चांगले आहे म्हणून काम कसेही केले तरी चालेल, असे नाही. रात्रपाळीत औषधाची मात्रा दोनदा तपासून पाहणारी आपल्या धर्मग्रामातील नर्स हीसुद्धा प्रार्थनाच करीत असते.

या आठवड्यात कुटुंबप्रार्थनेच्या वेळी आपण दोन प्रश्नांवर चिंतन करू या. मला जी विद्या किंवा कला मिळाली आहे, तिचा उपयोग माझ्या घराबाहेर कोणाला होतो? आणि माझ्या मुलीच्या मनात देवाने काही घातले असेल, तर ते ऐकून घ्यायला मी तयार आहे का?

आजारी बांधवांसाठी आणि त्यांची सेवा करणाऱ्या सर्वांसाठी आपण प्रार्थना करू या.