गप्प झालेले पोर

घरातले पोर आजारी पडले की आपण त्याला दवाखान्यात नेतो. तिथे ताप मोजतात, रक्त तपासतात, हाडाचा फोटो काढतात. पण मनाचा फोटो निघत नाही. पोराचे मन ओळखायचे काम त्याच्या उशाशी बसणाऱ्या माणसाचे. ते कसे करायचे, हे या धड्यात पाहू.

आधी एक हकिकत सांगतो.

आमच्या गावचा एक मुलगा. वय पंधरा. दहावीत होता. चिंचा पाडायला झाडावर चढला आणि फांदीसकट खाली आला. मांडीचे हाड मोडले. जिल्ह्याच्या गावी दवाखान्यात नेले. ऑपरेशन करून सळई घातली. पुढे जखमेत पू झाला. आठ दिवसांचे काम सहा आठवड्यांवर गेले.

पहिला आठवडा पोर ओरडत होते, रडत होते. "मला घरी न्या" म्हणून आईच्या मागे लागत होते. दुसऱ्या आठवड्यात ते शाळेची आणि कबड्डीच्या सामन्यांची चौकशी करी. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र ते गप्प झाले. सुई टोचली तरी हूं नाही की चूं नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राही. मित्राचा फोन आला तर मोबाईल पालथा घाली. डब्यातली भाकरी तशीच परत जाई.

शेजारच्या खाटेजवळची बाई म्हणाली, "किती गुणी पोर! कसला म्हणून त्रास नाही." बापालाही बरे वाटले. "आता शहाणा झाला," असे तो म्हणाला. आजीने दृष्ट काढली.

आम्ही भेटायला गेलो. तिथे आमचीही चूक झाली, ती कबूल करतो. आम्ही म्हणालो, "अरे, मर्दासारखा राहा. तुझ्याहून वाईट हाल झालेली माणसं इथं आहेत, बघ जरा." पोराने नुसती मान हलवली आणि डोळे मिटून घेतले. इतकी वर्षे मुलांत काढली, पण आम्हाला त्या दिवशी पोर कळले नाही.

दुसऱ्या खेपेला उपदेश घरी ठेवून गेलो. स्टुलावर बसलो. बराच वेळ काही बोललो नाही. मग हळूच विचारले, "बाळ, मनात काय चाललंय?"

पोर म्हणाले, "गुरुजी, माझ्यापायी म्हैस विकली. मी झोपलोय असं समजून सगळी बोलत्यात. मला ऐकू येतं." थोडे थांबून म्हणाले, "मी नसतो तर बरं झालं असतं."

आमच्या काळजात धस्स झाले. पण आम्ही त्याला दटावले नाही. सरळ विचारले, "जीव द्यावा असं मनात येतं का?"

पोर रडू लागले. "येतं कधी कधी," म्हणाले.

"सांगितलंस, बरं झालं. आता हे तुझं एकट्याचं ओझं नाही." असे म्हणून आम्ही त्याच्या आईला जवळ बसवले आणि तडक सिस्टरकडे गेलो. सिस्टरने डॉक्टरांना कळवले. मनाचे डॉक्टर आले. ते पोराशी एकट्याने बोलले, मग आईबापांशी बोलले. त्यांनी सांगितले, "हा उदासीनतेचा आजार आहे. यावर उपचार आहेत."

हा आजार का होतो?

दहा ते एकोणीस या वयाला किशोरवय म्हणतात. या वयात पोराला आपल्या पायावर उभे राहायचे असते. मित्र हवे असतात. अंगाची लाज वाटू लागलेली असते. आणि दवाखान्यात काय होते? लघवीलाही दुसऱ्याने भांडे द्यावे लागते. मित्र लांब राहतात. अभ्यास बुडतो. रात्री दिव्यांमुळे आणि दुखण्यामुळे झोप लागत नाही. पाय वाकडा राहील का, ही भीती असते. वर घरच्या खर्चाचे ओझे. काही औषधांनीही मन उदास होते. म्हणून हा पोराचा दोष नाही. हे नाटक नाही, वेड नाही आणि दृष्टही नाही.

ओळखायचे कसे?

दवाखान्यात दोन-चार दिवस वाईट वाटणे साहजिक आहे. पण पुढच्या गोष्टी दोन आठवडे जवळजवळ रोज दिसल्या, तर तो आजार असू शकतो.

1. पोर उदास राहते किंवा उगाच चिडते. या वयात उदासी कित्येकदा चिडचिडीच्या रूपाने बाहेर येते.
2. आवडत्या गोष्टीतही त्याला गोडी वाटत नाही.
3. झोप आणि भूक बिघडते.
4. "माझा काही उपयोग नाही" असे बोलते.
5. औषध घ्यायला, व्यायाम करायला नको म्हणते.

झोप आणि भूक दुखण्यानेही जाते. म्हणून नुसते ताट पाहू नका. मित्राचे नाव काढल्यावर तोंडावर हसू येते का, तेही पाहा.

पोर मरणाचे बोलले, तर मात्र दोन आठवडे थांबू नका. त्याला एकटे सोडू नका. गोळ्या, पाती, दोरी दूर ठेवा. लगेच सिस्टरला सांगा. विचारल्याने ते खूळ डोक्यात शिरते, ही समजूत खोटी आहे. विचारल्याने पोराचे मन मोकळे होते.

आपण काय करावे?

खाटेजवळ पैशाची बोलणी करू नका. पायाचे काय होणार, ते डॉक्टरांकडून पोरासमोर खरे खरे ऐका. सकाळी तोंड धुणे, थोडा अभ्यास, थोडा खेळ, असा दिवसाचा क्रम लावा. डॉक्टर हो म्हणतील तर चाकाच्या खुर्चीवरून उन्हात न्या. मित्रांना बोलवा. अंग पुसताना पडदा ओढायला सांगा. आणि बोलण्यापेक्षा ऐका जास्त.

मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्या आपल्या मनाने बंद करू नका. घरी आल्यावरही तपासणीला न्या. घरून सल्ला हवा असेल तर 14416 हा नंबर लावा. ही टेलि-मानस सेवा केंद्र सरकारने 10 ऑक्टोबर 2022 रोजी सुरू केली. ती रात्रंदिवस चालते, फुकट आहे आणि मराठीतही बोलता येते.

आमच्या गावच्या त्या मुलाचे काय झाले? बापाने खाटेवर बसून त्याला सांगितले, "म्हैस पुन्हा घेता येते रे. तू कुठं पुन्हा मिळणार?" त्या शब्दांनी आजार एका दिवसात गेला नाही. मनाच्या डॉक्टरांकडे पाच महिने खेपा घातल्या. वर्षही बुडाले. पण पुढच्या साली पोर परीक्षेला बसले. आज थोडे लंगडते, आणि पुष्कळ बोलते.

विचार करा आणि सांगा

1. पोर गप्प झाले तेव्हा बापाला बरे का वाटले? त्यात चूक कोणती?
2. पहिल्या खेपेला आम्ही काय बोललो? ते पोराच्या कामी का आले नाही?
3. तुमच्या ओळखीचे एखादे पोर आज दवाखान्यात आहे का? त्याच्याशी शेवटचे कोण आणि काय बोलले?