वृक्षाची तसबीर

(झाडाचे छायाचित्र काढणे आज सोपे वाटते. दीडशे वर्षांपूर्वी मात्र ते मोठ्या कष्टाचे काम होते. त्या काळातील मोठ्या कॅमेऱ्यांनी जुन्या वृक्षांची छायाचित्रे कशी काढली आणि त्यांचा काय उपयोग झाला, हे या पाठात सांगितले आहे. आपल्या जालना जिल्ह्यातील जुन्या झाडांशी या गोष्टीचा काय संबंध आहे, तेही पाहू या.)

आपल्या मराठवाड्यात झाडांवरून नाव पडलेली गावे पुष्कळ आहेत. पिंपळगाव, वडगाव, चिंचोली, लिंबगाव ही नावे तुम्ही ऐकली असतील. जालना जिल्ह्यातही भोकरदन तालुक्यात पिंपळगाव रेणुकाई आहे. ज्या पिंपळावरून अशा एखाद्या गावाला नाव मिळाले, तो पिंपळ कसा होता? त्याचा बुंधा केवढा होता? त्याच्या सावलीत किती माणसे बसत? या प्रश्नांची उत्तरे आज कोणी देऊ शकत नाही. नाव राहिले, झाड गेले. त्याचे चित्र कोणी काढून ठेवले नाही.

झाड ही मोठी विचित्र वस्तू आहे. नाणे, तलवार किंवा हस्तलिखित संग्रहालयात ठेवता येते. झाड उचलून दुसरीकडे नेता येत नाही. ज्याला ते पाहायचे असेल त्याने झाडापाशी गेले पाहिजे. जे जाऊ शकत नाहीत त्यांना झाड कसे दाखवायचे?

अमेरिकेत काही लोकांनी या प्रश्नाचे फार क्रूर उत्तर शोधले. कॅलिफोर्निया प्रांतात सिक्वोया नावाचे प्रचंड वृक्ष आहेत. १८५३ साली त्यांतील एक वृक्ष लोकांनी पाडला. त्याचा बुंधा इतका जाड होता, की भोके पाडून तो आडवा करायला सुमारे तीन आठवडे लागले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या एका वृक्षाची साल ११६ फूट उंचीपर्यंत सोलून काढली. सालीचे तुकडे जहाजाने दूरदूरच्या शहरांत नेले. तेथे ते पुन्हा जोडून उभे केले आणि तिकीट लावून लोकांना दाखवले. साल गेल्यामुळे तो वृक्ष हळूहळू वाळून मेला. शेवटी ती साल लंडनच्या क्रिस्टल पॅलेस या काचेच्या भव्य इमारतीत ठेवण्यात आली. ३० डिसेंबर १८६६ रोजी त्या इमारतीच्या एका भागाला आग लागली आणि साल जळून गेली. वृक्षही गेला आणि त्याची खूणही गेली.

त्याच आगीत आपल्या भागातील एक ठेवाही जळाला. भोकरदन तालुक्याच्या शेजारी सिल्लोड तालुका आहे. त्या तालुक्यातील अजिंठा गावात रॉबर्ट गिल नावाचा लष्करी अधिकारी राहत होता. १८४४ साली ईस्ट इंडिया कंपनीने त्याला अजिंठ्याच्या लेण्यांतील चित्रांच्या नकला करण्याचे काम दिले. त्याने वर्षानुवर्षे खपून मोठमोठी चित्रे रंगवली. ती लंडनला पाठवली गेली. त्यांतील बहुतेक चित्रे क्रिस्टल पॅलेसच्या आगीत नष्ट झाली. पुढे गिलने कॅमेरा वापरण्यासही सुरुवात केली होती. त्याने काढलेली लेण्यांची छायाचित्रे १८६४ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. पुस्तकाच्या अनेक प्रती निघाल्या, म्हणून ती छायाचित्रे टिकली.

आता सिक्वोया वृक्षांकडे पुन्हा वळू. १८६१ साली कार्लटन वॉटकिन्स हा छायाचित्रकार योसेमिटीच्या दरीत आणि मारिपोसाच्या वनात गेला. त्याच्याजवळ कुऱ्हाड नव्हती, कॅमेरा होता. हा कॅमेरा म्हणजे लाकडाची एक मोठी पेटीच होती. तिच्यात १८ इंच रुंद आणि २२ इंच लांब काच बसत असे. काचा, रसायनांच्या बाटल्या, तंबू आणि तिवई हे सारे सामान खेचरांच्या पाठीवर लादून डोंगरातून न्यावे लागले.

असा कॅमेरा कसे काम करतो, ते समजून घेऊ. पेटीच्या पुढच्या बाजूला भिंग असते. मागच्या बाजूला दुधी काच असते. दोहोंच्या मध्ये घडीचा भाता असतो. लोहाराचा भाता जसा लांबतो आणि आखडतो, तसाच हाही लांबतो आणि आखडतो. छायाचित्रकार डोक्यावर काळे कापड घेतो आणि दुधी काचेवर उमटलेले चित्र पाहतो. ते चित्र उलटे असते. झाडाची मुळे वर आणि शेंडा खाली दिसतो. भाता मागेपुढे करून तो चित्र स्पष्ट करतो.

उंच झाडाचे चित्र घेताना आपण कॅमेरा वर कलवतो. मग झाड मागे झुकल्यासारखे आणि वरच्या बाजूला निमुळते दिसते. मोठ्या कॅमेऱ्यात पेटी सरळ ठेवून फक्त भिंग वर सरकवता येते. त्यामुळे झाड जसे उभे आहे तसेच ताठ दिसते.

खरी कसोटी पुढे असे. काचेवर कलोडियन नावाचा चिकट द्रव ओतायचा. मग ती काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची. हे काम तंबूच्या अंधारात करायचे. काच ओली असतानाच ती कॅमेऱ्यात घालायची, चित्र घ्यायचे आणि पुन्हा तंबूत जाऊन ती धुवायची. या साऱ्या कामाला दहा-पंधरा मिनिटेच मिळत. काच वाळली की मेहनत वाया जाई.

झाडाचे चित्र घेणे तर आणखी अवघड होते. त्या रसायनांवर निळ्या प्रकाशाचा परिणाम लवकर होई, हिरव्याचा फार कमी होई. त्यामुळे आकाश पांढरे आणि पाने काळी दिसत. पाने नीट यावीत म्हणून भिंग बराच वेळ उघडे ठेवावे लागे. तेवढ्या वेळात वारा आला तर पाने हलत आणि चित्र पुसट होई. म्हणून छायाचित्रकार वारा पडण्याची वाट पाहत बसे. एका छायाचित्रासाठी कधी कधी सारी सकाळ जाई. पण काच मोठी असल्यामुळे सालीची प्रत्येक सुरकुती आणि प्रत्येक फांदी चित्रात स्पष्ट उमटे.

मारिपोसाच्या वनात ग्रिझली जायंट नावाचा वृक्ष आहे. तो हैदराबादच्या चारमिनारहूनही उंच आहे. त्याचे वय सुमारे तीन हजार वर्षे असावे, असा अंदाज आहे. वॉटकिन्सने त्याचे छायाचित्र घेतले तेव्हा बुंध्यापाशी एक माणूस उभा केला. त्या प्रचंड बुंध्याजवळ माणूस मुंगीएवढा दिसतो. चित्र पाहणाऱ्याला वृक्षाचा आकार एका नजरेत कळतो. त्यासाठी साल सोलावी लागली नाही.

१८६२ साली ही छायाचित्रे न्यूयॉर्क शहरात मांडली गेली. ती पाहून लोक थक्क झाले. ३० जून १८६४ रोजी राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांनी एका कायद्यावर सही केली. त्या कायद्याने योसेमिटीची दरी आणि मारिपोसाचे वन सर्व लोकांसाठी कायम राखून ठेवण्यात आले. लिंकन यांनी ते वन स्वतः कधीच पाहिले नव्हते. कायदा होण्यास वॉटकिन्सच्या छायाचित्रांची मोठी मदत झाली, असे इतिहासकार मानतात. ग्रिझली जायंट आजही उभा आहे.

वॉटकिन्सचे शेवटचे दिवस मात्र हालाचे गेले. त्याची दृष्टी अधू झाली. १९०६ साली सॅन फ्रान्सिस्को शहरात मोठा भूकंप झाला आणि आग लागली. त्या आगीत त्याच्या घरातील काचा व छायाचित्रे नष्ट झाली. तरीही त्याचे काम संपले नाही, कारण कागदावर छापलेल्या प्रती अनेक ठिकाणी पोहोचल्या होत्या.

आपल्याकडेही असे मोठे कॅमेरे आले होते. १९४८ पर्यंत जालना हैदराबाद संस्थानात होते. या संस्थानात लाला दीनदयाळ नावाचे थोर छायाचित्रकार होऊन गेले. त्यांचा जन्म १८४४ साली मीरतजवळच्या सरधना येथे झाला. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांनी त्यांना दरबारी छायाचित्रकार नेमले आणि ‘राजा मुसव्विर जंग’ हा किताब दिला. ‘मुसव्विर’ म्हणजे चित्र काढणारा, हे तुम्हांला सांगायला नकोच. दीनदयाळांनी वेरूळ, दौलताबाद अशा स्थळांची छायाचित्रे घेतली. त्यांच्या अडीच हजारांहून अधिक काचा आज दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात जपून ठेवल्या आहेत. शंभर वर्षांपूर्वीचे दख्खन कसे होते, हे त्यांवरून आपल्याला कळते.

आपले वृक्ष सिक्वोयासारखे आकाशाला भिडणारे नाहीत. आपला वड पसरतो. सातारा जिल्ह्यातील म्हसवे गावच्या वडाची १८८२ साली मोजणी झाली, तेव्हा त्याचा बाहेरचा घेर १,५८७ फूट भरला. एक झाड म्हणजे एक रानच! असा वड एका चित्रात मावणे कठीण असते. त्यासाठी दूर उभे राहावे लागते आणि नेमकी जागा शोधावी लागते.

आणखी एक अडचण आहे. थंड प्रदेशातील झाडाच्या खोडात दर वर्षी एक वर्तुळ तयार होते. ती वर्तुळे मोजून वय सांगता येते. आपल्याकडील वड-पिंपळाचे वय नेमके सांगणे अवघड असते. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीजवळचा वड सहाशे वर्षांचा आहे, असे लोक सांगतात. पण सांगणे वेगळे आणि पुरावा वेगळा. ज्या छायाचित्रावर दिनांक व ठिकाण लिहिलेले असते, ते खरा पुरावा ठरते. अमुक दिवशी हे झाड येथे एवढे मोठे होते, अशी साक्ष ते देते.

या साक्षीची आज फार गरज आहे. जालना जिल्हा दुष्काळी आहे आणि येथे जंगल अगदी थोडे आहे. रस्ते रुंद होतात, नवी घरे उभी राहतात. रस्ते हवेत, घरेही हवीत. पण त्यांसाठी पहिली कुऱ्हाड बहुधा जुन्या झाडावर पडते. महाराष्ट्रात शहरांतील झाडांच्या संरक्षणासाठी १९७५ चा कायदा आहे. २०२१ साली त्यात सुधारणा झाली. ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानून त्याला विशेष संरक्षण देण्यात आले. पण झाड ५० वर्षांचे आहे, हे कोण सांगणार? शिवाय हा कायदा शहरांसाठी आहे. खेड्यातील चिंचेचे झाड गावकऱ्यांनीच राखले पाहिजे.

विद्यार्थी मित्रांनो, हे काम तुम्हीही करू शकता. मोठा कॅमेरा नसला तरी चालेल. घरातील मोबाइलही पुरेल. पण काम मोठ्या कॅमेऱ्याच्या माणसासारखे सावकाश करा. शाळेच्या आवारातील, दर्ग्याजवळील, मंदिराजवळील किंवा कब्रस्तानातील एखादे जुने झाड निवडा. पहाटे, वारा शांत असताना जा. आधी झाडाभोवती एक फेरी मारा. बुंध्यापाशी मित्राला उभे करा, म्हणजे आकार कळेल. जमिनीपासून साडेचार फूट उंचीवर दोरी गुंडाळून बुंध्याचा घेर मोजा. छायाचित्राच्या मागे दिनांक, ठिकाण, झाडाचे नाव आणि घेर लिहा. दर वर्षी त्याच जागेवरून पुन्हा छायाचित्र घ्या. एक प्रत शाळेत ठेवा आणि एक घरी ठेवा. आगीत काय होते, ते आपण पाहिलेच आहे.

केवळ छायाचित्राने झाड वाचत नाही. ते पाहून ज्यांच्या मनात माया निर्माण होते, ती माणसे झाड वाचवतात. म्हणून तुमच्या गावचे झाड आधी तुम्ही नीट पाहा आणि मग इतरांना दाखवा.

शब्दार्थ

तसबीर – चित्र, तसवीर
बुंधा – झाडाच्या खोडाचा खालचा जाड भाग
नक्कल – मूळ वस्तूसारखी केलेली दुसरी वस्तू
भिंग – कॅमेऱ्याची गोल काच
दुधी काच – आरपार स्पष्ट न दिसणारी पांढरट काच
तिवई – तीन पायांची घोडी
निमुळते – टोकाकडे बारीक होत जाणारे
पुसट – अस्पष्ट
घेर – भोवतालचे माप
किताब – पदवी, मानाचे नाव
साक्ष – गवाही

स्वाध्याय

प्र. १. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) क्रिस्टल पॅलेसला आग कधी लागली?
(आ) वॉटकिन्सच्या कॅमेऱ्यातील काच केवढी होती?
(इ) लाला दीनदयाळ यांना कोणता किताब मिळाला?
(ई) म्हसवे येथील वडाचा घेर किती भरला?

प्र. २. कारणे द्या.
(अ) छायाचित्रकार वारा पडण्याची वाट पाहत असे.
(आ) वॉटकिन्सने बुंध्यापाशी माणूस उभा केला.
(इ) रॉबर्ट गिलची छायाचित्रे टिकली.

प्र. ३. चार-पाच वाक्यांत उत्तर लिहा.
झाडाची साल सोलून दाखवणे आणि झाडाचे छायाचित्र दाखवणे यांत काय फरक आहे?

प्र. ४. पुढील शब्द वाक्यांत वापरा.
खपणे, थक्क होणे, वाया जाणे, जपून ठेवणे

उपक्रम : तुमच्या घरातील किंवा शेजारच्या वडीलधाऱ्या माणसांना गावातील सर्वांत जुन्या झाडाविषयी विचारा. त्यांनी सांगितलेली माहिती दहा ओळींत मराठीत लिहा.