एकाच दाढेची तीन कोटेशन: इम्प्लांटच्या खर्चातून दर वाचायला शिकूया

कोटेशन कसं वाचायचं हे सांगताना व्हिडिओत डेंटल इम्प्लांटचं उदाहरण घेतलं होतं. तिथे आकडे भराभर गेले, म्हणून इथे सावकाश मांडतो. उदाहरण दाताचंच का? कारण धंदा करणाऱ्या माणसाला हा खर्च खिशातून करावा लागतो. नेहमीच्या मेडिक्लेममध्ये दातांचे उपचार बहुतेक वेळा बसत नाहीत. अपघातात दात गेला तर गोष्ट वेगळी. त्यामुळे आईची दाढ गेली की ते तीस-चाळीस हजार बऱ्याचदा माल भरायच्या पैशातूनच उचलले जातात. मग दर नीट वाचता यायलाच हवा.

ठिकाण घेऊया बदलापूर. कर्जत लाइनवरचं, नवीन टॉवर उभे राहत असलेलं गाव. कात्रप घ्या नाहीतर बेलवली, नवी बिल्डिंग झाली की खालच्या गाळ्यांत मेडिकल, डेअरी आणि दातांचा दवाखाना आलाच. समजा, तुम्ही तीन ठिकाणी विचारलंत आणि एका दाढेचे तीन दर मिळाले: १४,९९९, ३२,००० आणि ४५,०००. (आकडे हिशोब समजावा म्हणून घेतलेत, कुठल्याही दवाखान्याचे नाहीत.) घरी चर्चा काय होते? "पहिला स्वस्त, तिसरा लुटतोय." इथेच थांबायचं.

आधी विचारा: दर कशाचा?

इम्प्लांट म्हणजे आपण सगळ्या दाताला म्हणतो, पण त्याचे भाग तीन. हाडात बसतो तो टायटॅनियमचा स्क्रू. त्यावर बसतो तो जोडणीचा तुकडा, त्याला अबटमेंट म्हणतात. आणि वर दिसते, चावते ती कॅप. बऱ्याच ठिकाणी "इम्प्लांटचा दर" म्हणून सांगितला जातो तो फक्त स्क्रूचा. डॉक्टर खोटं बोलत नाहीत, त्यांच्या भाषेत इम्प्लांट म्हणजे स्क्रूच. पण नुसत्या स्क्रूने भाकरी चावता येत नाही.

आता पहिला दर उघडून बघू. स्क्रू १४,९९९. हाड किती उरलंय हे बघायला सीबीसीटी स्कॅन, धरा २,५००. अबटमेंट ६,०००. कॅप ८,०००. झाले ३१,४९९. दुसऱ्या डॉक्टरांच्या ३२,००० मध्ये तिन्ही भाग आहेत, स्कॅन मात्र बाहेरून, म्हणजे ३४,५००. तिसऱ्यांच्या ४५,००० मध्ये स्कॅन, तिन्ही भाग, झिरकोनियाची कॅप आणि पहिल्या वर्षात स्क्रू हाडात धरला नाही तर तो बदलून देण्याची लेखी हमी. पहिल्या आणि तिसऱ्या दरात बोर्डावर ३०,००१ रुपयांचा फरक होता. तो आता १३,५०१ वर आला. हे साडेतेरा हजार कशाचे, एवढाच प्रश्न उरतो, आणि त्याला उत्तर मिळू शकतं: स्क्रूची कंपनी, कॅपचं मटेरियल आणि हमी.

आपल्या कामाच्या भाषेत सांगायचं तर तुलना करायचं एकक ठरवा. इथे एकक स्क्रू नाही, "चावता येणारी एक दाढ" हे आहे. अजून एक विचारायचं: हाड कमी निघालं तर बोन ग्राफ्ट लागेल का आणि त्याचे किती? वरच्या मागच्या दाढांना कधी सायनस लिफ्टही लागते. स्कॅन होईपर्यंत डॉक्टरही नक्की सांगू शकत नाहीत, पण "लागलं तर इतके" हे आधी लिहून देऊ शकतात.

पाच वर्षांनी हा दवाखाना इथेच असेल का?

वाढत्या उपनगरात माझ्या मते हा मुद्दा दरापेक्षा मोठा आहे. गाळे भाड्याचे, करार संपला की दवाखाना हलतो. कधी डॉक्टर स्वतः इम्प्लांट बसवत नाहीत. ठरलेल्या दिवशी बाहेरचे तज्ज्ञ आपलं किट घेऊन येतात. त्यात गैर काही नाही, उलट ज्याचा हात रोज त्या कामात आहे तो बरा. पण उद्या अबटमेंटचा स्क्रू सैल झाला तर दुसऱ्या डॉक्टरांना कंपनी आणि साइज माहीत हवी, कारण एका कंपनीचा ड्रायव्हर आणि सुटा भाग दुसरीला बसेलच असं नाही. स्विस स्ट्राउमन, कोरियाची ऑस्टेम, इस्रायलची अडिन, प्रत्येकीची जोडणी आपापली. स्क्रूच्या पाकिटावर कंपनी, साइज आणि लॉट नंबरचं स्टिकर येतं. ते तुमच्या फाइलमध्ये चिकटवून मागा. फुकट मिळणारी गोष्ट आहे, पण मागितल्याशिवाय क्वचितच मिळते.

वेळेचाही हिशोब धरा. टायटॅनियम हाडाशी एकजीव होतं हे स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांनी दाखवलं आणि १९६५ मध्ये पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. ती एकजीव होण्याची क्रिया आजही घाई मानत नाही, साधारण ३ ते ६ महिने लागतात. म्हणजे एकूण सहा-सात फेऱ्या. आता कोणी म्हणेल, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्जेसच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे, तिथे जाऊ. जरूर चौकशी करा, स्क्रू आणि कॅपचे पैसे वेगळे का हेही विचारा. पण लोकलने जाऊन-येऊन दिवस जातो. दुकान बंद ठेवल्यावर दिवसाचे १,२०० रुपये बुडत असतील तर सहा फेऱ्यांचे ७,२०० झाले. नोकरदाराला हा खर्च दिसत नाही, आपल्याला दिसायलाच हवा. आईसोबत घरातलं दुसरं कोणी जाणार असेल तर मात्र गणित बदलतं.

आता खुर्चीच्या पलीकडून बघू

तुम्ही उद्या दर ठरवणार आहात, म्हणून डॉक्टरांच्या बाजूनेही हिशोब करू. समजा, भाडं, मशीनचा हप्ता, पगार, वीज धरून महिन्याचा बांधलेला खर्च १,२०,०००. रोज ८ तास, २५ दिवस म्हणजे २०० तास. खुर्ची पूर्ण भरली तर तासाला ६०० रुपये पडतात. पण नवीन वस्तीत सुरुवातीला ८० तासच भरले तर तासाला १,५००. एका इम्प्लांटला सगळ्या फेऱ्या मिळून ४ तास धरले, तर तेच काम एकाला २,४०० ला आणि दुसऱ्याला ६,००० ला पडतं. वर स्क्रू, अबटमेंट, लॅबचं बिल आणि तज्ज्ञांची फी. शिवाय उपचारांवर जीएसटी नसल्यामुळे सामानावर भरलेल्या जीएसटीची वजावट डॉक्टरांना मिळत नाही, तोही खर्चातच जातो.

रिकामी खुर्ची अशी खात असते, म्हणून १४,९९९ चा बोर्ड लागतो. बोर्ड लावण्यात पाप नाही. प्रश्न आहे तो बाकीचे आकडे कधी सांगितले याचा. स्क्रू हाडात बसल्यावर "आता कॅपचे वेगळे" असं ऐकलेला माणूस पैसे देतो, कारण तो अडलेला असतो. पण बिल्डिंगच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तो काय लिहितो? नव्या वस्तीत धंदा त्या ग्रुपवरच उभा राहतो नाहीतर झोपतो.

मॉड्युलर किचनवाल्यांचं अगदी असंच होतं. चौरस फुटाचा दर सांगतात, ट्रॉल्या, चॅनेल, हँडल नंतर. केटरिंगवाले ताटाचा दर सांगतात, वाढपी आणि भांडी नंतर. तुमच्या कोटेशनमध्ये काय धरलंय याइतकंच ठळक काय धरलेलं नाही हे लिहा. दर मोठा दिसेल, दोन गिऱ्हाइकं जातीलही. जी राहतील त्यांच्याशी शेवटच्या बिलावरून भांडण होणार नाही.

पैसे भरायचं ठरलं की टप्प्याने भरा: थोडे सुरुवातीला, थोडे स्क्रू बसल्यावर, उरलेले कॅप बसल्यावर. बिनव्याजी हप्ता सांगितला तर प्रोसेसिंग फी आणि रोख भरल्यास मिळणारी सूट, दोन्ही विचारा. ती सूट म्हणजेच व्याज. आणि इम्प्लांटच हवा की ब्रिज किंवा कवळी चालेल, हे दर बघून ठरवू नका. शुगर, तंबाखूची सवय, शेजारच्या दातांची अवस्था यावर ते अवलंबून असतं, ते नोंदणी असलेल्या दंतवैद्यालाच ठरवू द्या.

या आठवड्याचा गृहपाठ: तुमचं शेवटचं दिलेलं कोटेशन काढा आणि त्यात न लिहिलेले पण नंतर बिलात आलेले आकडे लाल पेनाने बाजूला लिहा.