२३ इंचांचं दार

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला एक तरुण आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "ताई, आमची जुळी आता दहा महिन्यांची झाली. मार्चमध्ये गॅल्व्हेस्टनहून क्रूझला जायचं ठरतंय. दोघांची ती मोठी बाबागाडी न्यावी का हो?" तेवढ्यात तिची दोन्ही बाळं रडायला लागली आणि बोलणं अर्धवट राहिलं. "नको, नेऊ नकोस," एवढंच मी घाईत म्हटलं. का नको, ते सांगायचं राहूनच गेलं. ह्यूस्टनच्या आसपास राहणाऱ्या आपल्या बऱ्याच घरांत हा प्रश्न येतो. बंदर गाडीने तासाभरावर आहे, विमानतळाची दगदग नाही आणि भारतातून आलेल्या आजी-आजोबांनाही सोबत नेता येतं. म्हणून तिला सांगायचं राहिलेलं तुम्हा सगळ्यांनाच सांगते.

आमची जुळी, एक मुलगा आणि एक मुलगी, आता तिसरीत आहेत. लहानपणी त्यांना घेऊन आम्ही दोनदा जहाजावर गेलो. पहिल्या वेळी ती अकरा महिन्यांची होती, दुसऱ्या वेळी दोन वर्षांची. पहिल्या वेळी शेजारी-शेजारी दोन आसनं असलेली जोडगाडी नेली, दुसऱ्या वेळी छत्रीसारख्या मिटणाऱ्या दोन सुट्या गाड्या. समुद्र तोच, बंदरंही जवळपास तीच. पण पहिल्या प्रवासातून आम्ही थकून परतलो आणि दुसऱ्यातून ताजेतवाने होऊन.

अमेरिकेत दुकानांची, दवाखान्यांची, वाचनालयांची दारं व्हीलचेअर जावी म्हणून कायद्याने निदान ३२ इंच मोकळी ठेवावी लागतात. त्या कायद्याचा फायदा जुळ्यांच्या आयांना न मागता मिळतो. जोडगाडी ३० इंचांच्या आसपास असते, ती सगळीकडे सहज शिरते आणि तिची रुंदी आपल्या डोक्यातच येत नाही. जहाजावर मात्र साध्या केबिनचं दार बहुधा २२ ते २३ इंचांचं असतं. आम्ही पोचलो तेव्हा दोन्ही बाळं गाडीत गाढ झोपलेली होती. पुढची चाकं चौकटीला टेकली आणि गाडी तिथेच थांबली. झोपलेल्या दोघांना उचलून गाडी मिटणं एवढाच मार्ग होता. मग अर्थातच दोघं जागी झाली.

पहिल्या रात्री आम्ही गाडी दाराबाहेर, भिंतीला लावून ठेवली. अर्ध्या तासात आमच्या मजल्यावरच्या केबिन सांभाळणारा कर्मचारी आला आणि गाडी आत घ्यायला सांगू लागला. जागेची अडचण आम्ही त्याला सांगितली. त्याने शांतपणे समजावलं, की आग लागली, दिवे गेले, धूर भरला तर माणसं भिंतीला हात लावून वाट शोधतात. ही गाडी नेमकी त्यांच्या पायात येईल. यावर आम्हाला बोलायला काही उरलं नाही. हा नियम तुम्हाला जवळपास प्रत्येक जहाजावर भेटेल आणि तो योग्यच आहे. मिटलेली का होईना, गाडी केबिनमध्येच मावली पाहिजे.

माझ्या सासूबाई सोबत होत्या. त्या मूळच्या मालवणच्या. कर्मचारी गेल्यावर त्या बराच वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "अगं, रामदास बोटीचं ऐकून ऐकून आम्ही मोठे झालो. तो सांगतो ते ऐक." १७ जुलै १९४७ ला मुंबईहून रेवसला निघालेली ती बोट बंदर सोडल्यावर थोड्याच वेळात बुडाली आणि सहाशेंहून अधिक माणसं गेली. जहाज सुटताना सुरक्षेची कवायत होते, तेव्हा मला त्यांचं हे बोलणं नेहमी आठवतं. पूर्वी ती निघाल्यापासून २४ तासांत केली तरी चालायची. २०१२ मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया कलंडली आणि त्यानंतर नियम बदलला. आता ती निघण्याआधी किंवा निघता निघताच व्हावी लागते. बाळं चिडचिडी झालीत म्हणून ती चुकवू नका. बाळांच्या मापाची लाइफ जॅकेट पहिल्याच दिवशी मागून घ्या आणि ती दोन आहेत का, हे स्वतः पाहा. जुळ्यांच्या बाबतीत एकच वस्तू येऊन पडते, हा अनुभव तुम्हालाही असेल.

आता केबिनमधलं. साधी केबिन १८० चौरस फुटांच्या आसपास असते. त्यात मोठा पलंग, सोफा, बाळांचे दोन घडीचे पाळणे आणि मिटलेली जोडगाडी. आमची गाडी न्हाणीघराच्या दाराला टेकवूनच ठेवावी लागायची. रात्री कोणालाही जायचं असेल तर आधी गाडी उचलायची, पलंगावर ठेवायची, मग दार उघडायचं. सकाळी बाहेर पडताना नवरा गाडी बोळात नेऊन उघडायचा, सासूबाई एकाला धरायच्या, मी दुसरीला, आणि आमच्या मागे चार माणसं वाट मोकळी व्हायची थांबलेली असायची. न्याहारीला, झोपायच्या वेळी, जेवायला, डायपर बदलायला असं दिवसातून सहा-सात वेळा. सात दिवसांचा हिशेब तुम्हीच करा.

दाराची अडचण तरी सोसता आली असती. जोडगाडीत त्याहून मोठी खोट आहे आणि मला मुख्यतः तीच सांगायची आहे. जुळ्यांना आपण फार लवकर एकच समजायला लागतो. एक अंघोळ, एक जेवण, एक झोप. घरी ते निभतं, कारण घरात दुसरी खोली असते. जहाजावर एकच खोली आणि एकच गाडी. आमची मुलगी दुपारी बाराला झोपायची, मुलगा दोनला. ती गाडीत झोपली की तो जागा असूनही शेजारी पट्ट्यात अडकलेला. तो कंटाळून रडला की ती उठणार. मग दोघंही अर्धवट झोपेची, किरकिरी, आणि आम्ही मोठी माणसं एकमेकांवर चिडलेली. पहिले तीन दिवस मला वाटत राहिलं, की मुलंच प्रवासाला तयार नव्हती. तसं काही नव्हतं. दोन बाळांना दोन दुपारी हव्या होत्या, आणि त्यांना आम्ही एकाच गाडीत बसवलं होतं.

दुसऱ्या वेळी मुलगी झोपली की मी तिच्याजवळ केबिनमध्ये राहायचे आणि नवरा मुलाला गाडीत घालून वरच्या डेकवर जायचा. दोघं तासभर जहाजामागचा पांढरा फेस बघत बसायचे. बाप-लेकाची अशी एकट्याची वेळ त्याआधी घरी कधी झालीच नव्हती. पुढे पाळी बदलायची. जुळ्यांच्या घरात एका मुलाला एकटे आई किंवा बाबा मिळणं किती अवघड असतं, ते तुम्ही जाणताच. दोन सुट्या गाड्यांनी आम्हाला ते मिळवून दिलं.

छत्रीसारखी मिटणारी ही गाडी एका आजोबांनी शोधली आहे. ओवेन मॅक्लॅरन हे ब्रिटिश अभियंते; दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर विमानांच्या चाकांच्या सांगाड्यावर त्यांनी काम केलं होतं. परदेशातून आलेल्या मुलीला नातीची जड बाबागाडी ओढताना त्यांनी पाहिलं आणि विमानाला वापरतात तसं हलकं अॅल्युमिनियम घेऊन १९६५ मध्ये मिटणारी गाडी बनवली. तिचं वजन तीन किलोंच्या आत होतं. आजच्या गाड्या त्याहून जड असल्या तरी एका हाताने उचलता येतात, बहुतेक २० इंचांच्या आत असतात आणि उघड्याच केबिनमध्ये शिरतात. झोपलेलं बाळ झोपलेलंच आत नेता येतं! दोन गाड्या एकमेकींना जोडायच्या चिमट्याही मिळतात. बंदरावर उतरलं की त्या जोडून एकट्याने ढकलता येतात, जहाजावर परतलं की सोडवायच्या. मात्र चिमट्या सगळ्याच दांड्यांना बसत नाहीत. घरी लावून, चार चकरा मारून बघा आणि मगच न्या.

हलक्या गाडीचे धोकेही सांगायला हवेत. मुठीला डायपरची पिशवी अडकवलेली असली आणि बाळाला उचललं, की गाडी मागे उलटते. बाळ किरकोळ वजनाचं असेल तर ते आत असतानाही उलटू शकते. पिशवी पाठीवर घ्या. वरच्या डेकवर जहाज चालू असताना वारा जोराचा असतो, रिकामी गाडी तो घेऊन जातो. लिफ्टमध्येसुद्धा ब्रेक लावा, कारण जहाज हलतं आणि दुसऱ्याच्या घोट्यावर चाक जातं. केबिनला बाल्कनी असेल तर गाडी, खुर्ची, टेबल, काहीही कठड्याजवळ ठेवू नका. दोन वर्षांचं मूल खुर्चीवर चढायला किती वेळ लावतं, ते आईला माहीत असतं. आणि त्याच्याकडे लक्ष असताना दुसरं काय करतं, हे जुळ्यांच्या आईलाच माहीत असतं. बाल्कनीच्या दाराची कडी कायम लावलेली असू द्या. रात्रीची झोप गाडीत नको, पाळण्यातच. सपाट, घट्ट गादीवर.

काही जण सुचवतील, की रुंद दाराची, व्हीलचेअरसाठी राखलेली केबिन घ्या म्हणजे जोडगाडीसुद्धा जाईल. कृपा करून असं करू नका. अशा केबिन जहाजावर मोजक्याच असतात आणि त्या मिळाल्या नाहीत तर व्हीलचेअरवरच्या माणसाला प्रवासच रद्द करावा लागतो. आपल्याकडे गाडी बदलायचा मार्ग आहे, त्याच्याकडे नाही.

पहिल्या प्रवासात बेलीझ सिटीच्या बंदरावर मात्र कुठलीच गाडी कामाची नव्हती. तिथे किनारा इतका उथळ आहे, की मोठी जहाजं दूर समुद्रातच नांगर टाकतात आणि छोट्या बोटीतून माणसांना धक्क्यावर नेतात. त्या दिवशी लाटा होत्या. बोट हातभर वर यायची, पुन्हा खाली जायची. नवऱ्याच्या हातात मिटलेली जोडगाडी, मुलगा माझ्याकडे, मुलगी सासूबाईंकडे. मी पाय पुढे टाकू की नको अशी अडखळले. खालच्या खलाशाने दोन्ही हात वर केले. मी मागे सरले, पण सासूबाई पुढे झाल्या आणि त्यांनी नात सरळ त्याच्या हातात दिली. नंतर बोटीत बसल्यावर म्हणाल्या, "आमची बोट मालवणला अशीच लांब उभी राहायची. मग पडाव यायचा. माझा धाकटा भाऊ तान्हा होता, आई त्याला खलाशाच्या हातात द्यायची आणि मग स्वतः उतरायची. हात मोकळे असल्याशिवाय उतरू नये, असं ती सांगायची."

भाऊच्या धक्क्यावरून निघालेल्या कोकणच्या बोटींतून साठच्या दशकात चार-चार मुलं घेऊन आलेल्या त्या बायकांकडे ना गाडी होती, ना पट्टे. हात कधी मोकळे ठेवायचे हे मात्र त्यांना ठाऊक होतं. तुमच्या प्रवासात असं नांगर टाकायचं बंदर असेल तर ते बुकिंगच्या वेळीच विचारून घ्या. त्या दिवशी एका मोठ्यामागे एकच बाळ, पिशवी पाठीवर, आणि गाडी मिटून आधी बोटीत. दोघांचंच कुटुंब असेल आणि लाटा असतील तर त्या बंदरी उतरूच नका. तो दिवस जहाजावर काढा. निम्मे लोक किनाऱ्यावर गेलेले असतात, लिफ्ट रिकाम्या असतात, जेवायला रांग नसते. आमच्या मुलांचा सगळ्यात सुखाचा दिवस तसाच गेला होता.

बाकीच्या गोष्टी थोडक्यात. बहुतेक कंपन्या सहा महिन्यांच्या आतलं बाळ घेत नाहीत, आणि सलग तीन-चार दिवस समुद्रातच असण्याच्या सफरींना वर्षाची अट असते. मांडीवरचं बाळसुद्धा जीवनरक्षक नौकेच्या हिशेबात पूर्ण माणूस धरलं जातं, म्हणून जुळी आणि तुम्ही दोघं मिळून चार जण झालात. आजी-आजोबांना दुसरी केबिन लागेल, तीही मधल्या दाराने जोडलेली मिळाली तर उत्तम. चढायच्या दिवशी मोठ्या बॅगा हमालाकडे जातात आणि संध्याकाळपर्यंत हाती येत नाहीत. केबिनही दुपारशिवाय उघडत नाही. त्यामुळे बाबागाड्या, दुधाच्या बाटल्या, औषधं आणि दिवसभराचे डायपर स्वतःजवळच ठेवा. विजेची किटली नेऊ देत नाहीत. बाटल्या धुवायला उकळतं पाणी मागितलं की मिळतं. डायपरमधल्या बाळांना मोठ्या तलावात उतरता येत नाही, पोहायचा डायपर घातला तरी. त्यांच्यासाठी वेगळी पाणखेळाची जागा आहे का, ते आधी पाहून घ्या, नाहीतर कडेला बसून दोघं रडतील. वाळूत गाडी ढकलू नका, उलटी करून मागे ओढा.

त्या हळदीकुंकवातल्या मैत्रिणीला, आणि तिच्यासारख्या सगळ्यांना एकच सांगते. पैसे भरण्याआधी घरातली मोजपट्टी काढा. आपली गाडी पूर्ण उघडा आणि एका मागच्या चाकाच्या बाहेरच्या कडेपासून दुसऱ्याच्या बाहेरच्या कडेपर्यंत मोजा. मग कंपनीला फोन करून तुमच्याच केबिनच्या दाराची मोकळी रुंदी विचारा. गाडी त्याहून रुंद भरली तर तिला घरीच राहू द्या आणि ओळखीत कोणाकडे छत्रीसारख्या दोन गाड्या असतील तर आठवड्यापुरत्या मागून घ्या. आमच्या दोन्ही अजून गॅरेजमध्ये आहेत, धुऊन ठेवलेल्या.