नाताळची भेट, हातची भेट

डिसेंबर महिना आला की थंडी पडते. ख्रिस्ती वाड्यावस्त्यांवर नाताळची तयारी सुरू होते. वसईत, अहिल्यानगरच्या बाजूला, गोव्यात, मुंबईत घरांची झाडलोट होते. दारात चांदणी लागते. २५ डिसेंबरला येशू ख्रिस्ताचा जन्मदिन. त्या दिवशी आपल्या माणसांना काहीतरी द्यावे, असे सर्वांनाच वाटते.

पण द्यायचे काय? आणि पैसा आणायचा कुठून?

मग कोणी उसने घेतो. कोणी सावकाराकडे जातो. आपल्याकडे याला ‘ऋण काढून सण’ म्हणतात. जरा हिशेब करून पाहू. समजा, सणासाठी २,००० रुपये काढले. व्याज दरमहा शेकडा ५ रुपये. म्हणजे महिन्याला १०० रुपये व्याज झाले. वर्षाला झाले १,२०० रुपये. आणि मूळचे २,००० रुपये तसेच डोक्यावर! पुढचा नाताळ आला तरी मागचा फिटला नाही.

म्हणून आम्ही म्हणतो, भेट द्या. पण आपल्या हातची द्या.

पहिली भेट कोणी दिली?

नाताळच्या भेटींची गोष्ट शुभवर्तमानात आहे. पूर्वेकडून ज्ञानी लोक आले. त्यांनी बाळ येशूला सोने, ऊद आणि गंधरस दिला. ही गोष्ट सर्वांना ठाऊक असते. पण रात्री रानात मेंढरे राखणारे मेंढपाळही बाळाला पाहायला आले होते. त्यांनी काही मौल्यवान आणले, असे कुठे लिहिलेले नाही. ते धावत आले, एवढेच सांगितले आहे. तरी त्यांचे येणे आपण दरवर्षी आठवतोच ना?

आधी माणूस पाहा

भेट करण्याआधी एक प्रश्न विचारावा. या माणसाला काय हवे आहे? सगळ्यांना एकच वस्तू देऊन चालत नाही.

*आजीला.* थंडीत म्हाताऱ्या माणसांचे गुडघे दुखतात. जाड सुती कापडाची वीतभर पिशवी शिवा. तोंडाला नाडी घाला. सोबत पुडीत जाडे मीठ द्या. तव्यावर मीठ गरम करायचे, पिशवीत भरायचे, नाडी ओढायची आणि शेकायचे. कापड नायलॉनचे नको, ते वितळते. आधी आपल्या हाताला लावून पाहा, मग आजीला द्या. म्हाताऱ्या माणसांची कातडी नाजूक असते. मधुमेह असला तर चटका लवकर कळतही नाही.

*लहान मुलांना.* जुन्या कापडाची बाहुली करा. आत चिंध्या भरा. डोळ्यांना बटणे लावू नका, बरं का! लहान मूल बटण तोडून गिळते. डोळे दोऱ्याने भरा.

*कामावर जाणाऱ्याला.* जुन्या पँटचा पाय कापा. एक बाजू शिवून टाका. दुसऱ्या बाजूला पट्टा लावा. डब्यासाठी मजबूत पिशवी झाली.

*साखर वर्ज्य असलेल्याला.* त्याला गोड ताट देऊन काय उपयोग? सुके खोबरे, लसूण आणि तिखट कुटून चटणी करा. स्वच्छ, कोरड्या बरणीत भरून द्या. मीठ बेताने घाला.

*शिक्षकांना किंवा नर्सबाईंना.* रिकाम्या डब्याच्या बुडाला भोके पाडा. त्यात माती घालून कोरफडीचे पिल्लू लावा. त्याला पाणी थोडेच लागते. ते सहसा मरत नाही.

घरासाठी चांदणी

चांदणी विकत आणायची गरज नाही. बांबूच्या सारख्या लांबीच्या १० कामट्या घ्या. ५ कामट्यांची एक चांदणी बांधा. उरलेल्या ५ कामट्यांची दुसरी बांधा. दोन्ही एकावर एक ठेवून पाचही टोके दोऱ्याने बांधा. आता आतल्या बाजूला, जिथे कामट्या एकमेकींवरून जातात, अशा ५ जागा असतात. त्या प्रत्येक जागी चार बोटे लांबीची आडवी काडी बसवा. चांदणी फुगते. मग पतंगाचा कागद खळीने चिकटवा. दिवा घालायला एक जागा मोकळी सोडा. आत मेणबत्ती लावू नका, कागद पेटतो. तापणार नाही असा लहान एलईडी दिवा लावा.

शेजाऱ्यांचे ताट

गोव्यात नाताळला घरोघरी फराळाची ताटे जातात. त्यात नेवऱ्या असतात, दोदोल असतो, कुलकुल असतात. कुलकुल करायला सोपे आणि स्वस्त.

अर्धा किलो मैदा, मूठभर रवा, वाटीभर पिठीसाखर आणि चिमूटभर मीठ घ्या. दोन चमचे कडकडीत तुपाचे मोहन घाला. नारळाच्या दुधात पीठ घट्ट भिजवा. अर्धा तास झाकून ठेवा. मग बोराएवढ्या गोळ्या करा. काट्याच्या पाठीला तेल लावा. गोळी त्यावर दाबून पसरा आणि गुंडाळा. वर रेघा उठतात. मध्यम आचेवर तळा. पूर्ण निवल्यावर डब्यात भरा. कामाला मुले बसवा, म्हणजे कंटाळा येत नाही.

गोव्यातल्या बऱ्याच गावांत एक चांगली रीत आहे. ज्या घरात त्या वर्षी कोणी वारले असेल, त्या घरी गोडधोड करीत नाहीत. मग शेजारी त्यांच्याकडे ताट पाठवतात. आपल्याकडे दिवाळीतही असेच करतात. सुतकी वर्ष असलेल्या घरी शेजारचा फराळ जातो. सण कोणाचाही असो, दुःखातल्या घराला विसरायचे नाही. तुमच्या आळीत असे घर असेल तर पहिले ताट तिथे न्या.

अक्षरांची भेट

तुम्ही आता वाचायला शिकला आहात. लिहायला शिकला आहात. हीही देण्याजोगी वस्तू आहे.

वस्तीत एखादे आजोबा असतील. त्यांची नजर गेली असेल. नाताळच्या आठवड्यात रोज अर्धा तास त्यांना वाचून दाखवा. वर्तमानपत्र वाचा, नाहीतर शास्त्र वाचा. अडखळलात तरी चालेल. आजोबा वाट पाहतील.

आणि दूरच्या माणसाला पत्र लिहा. मुलगा मुंबईला आहे. त्याच्याशी फोनवर बोलणे होते. पण बोललेले विरून जाते. पत्र तो जपून ठेवील. हे पाहा, एका आईचे पत्र असे असू शकेल:

*चि. बाळास अनेक आशीर्वाद. आम्ही सर्व खुशाल आहोत. तुरीला शेंगा चांगल्या लागल्या. तू दिलेली चादर आजी रोज अंगावर घेते. नाताळला रजा मिळाली तर ये. नाही मिळाली तर वाईट वाटून घेऊ नकोस, कुलकुल पाठवीत आहे. आजवर तुला दुसऱ्याच्या हातचे पत्र येत होते. हे पत्र मी माझ्या हाताने लिहिले आहे. तुझी आई.*

असे पत्र कोणत्या दुकानात मिळेल?

काम केव्हा सुरू करावे?

नाताळच्या आधी आगमनकाळाचे चार रविवार येतात. कामे त्यांत वाटून घ्या. पहिल्या रविवारी कोणाला काय द्यायचे ते वहीत लिहा. दुसऱ्या रविवारी शिवणकाम करा. तिसऱ्या रविवारी पत्रे लिहून टाका, म्हणजे ती वेळेवर पोचतील. चौथ्या रविवारी चांदणी बांधा. फराळ त्याच सुमारास करा. म्हणजे घाई होत नाही आणि उसनेही काढावे लागत नाही.

प्रश्न

१. ३,००० रुपये कर्ज काढले. व्याज दरमहा शेकडा ५ रुपये. वर्षाचे व्याज किती होईल?
२. बाहुलीला बटणांचे डोळे का लावू नयेत?
३. दुःखातल्या घरी ताट का पाठवतात? तुमच्या गावात काय रीत आहे?

करून पाहा

वहीत पाच माणसांची नावे लिहा. प्रत्येकाच्या नावापुढे त्याला काय हवे आहे ते लिहा. मग त्यांतल्या एकाला पाच ओळींचे पत्र लिहा.