हिवाळ्यात उभी राहणारी गाडी

कॅनडात ओंटॅरिओमध्ये नोव्हेंबर लागला की रस्त्यांवर मीठ पडू लागतं आणि मोटरसायकली गॅरेजात जातात, त्या थेट एप्रिलपर्यंत. पुण्यात वाढलेल्या माणसाला याची सवय नसते. तिथे गाडी रोज चालते. न चालवल्याने ती किती खराब होते, हे मला इथे पहिली जुनी गाडी घेतल्यावर कळलं.

७५० सीसीची, कार्बोरेटरवाली. रंग झळझळीत, किलोमीटर कमी. आधीच्या मालकाने हिवाळाभर ती अर्ध्या टाकीवर, प्लास्टिकच्या ताडपत्रीखाली ठेवलेली. चोक बंद केला की इंजिन दम तोडायचं. कार्बोरेटर उघडला, तर तळाच्या वाटीत पिवळा चिकट थर आणि मंद चालीला पेट्रोल सोडणारा पायलट जेट पूर्ण बुजलेला. टाकीत टॉर्च मारला, तर वरचा अर्धा पत्रा गंजलेला आणि खालचा स्वच्छ. पेट्रोल होतं तिथवर पत्रा वाचला होता. वरच्या रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं थंडीत पाणी होऊन पत्र्याला लागत होतं.

म्हणून टाकी लोखंडी असेल तर गाडी ठेवण्याआधी ती जवळजवळ काठोकाठ भरा, आणि पेट्रोल ताजं घाला. त्यातल्या इथेनॉलला पाणी ओढून घ्यायची सवय असते. पाणी प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल त्याच्यासकट वेगळं होऊन तळाशी बसतं. इंजिनाकडे जाणारं पेट्रोल तिथूनच घेतलं जातं. ताज्या पेट्रोलमध्येच स्टॅबिलायझर, म्हणजे ते टिकवणारं औषध, मिसळा. शिळं झालेलं पेट्रोल त्याने सुधारत नाही. मग गाडी दहा मिनिटं चालवा, म्हणजे औषध पुढच्या नळ्यांपर्यंत पोचेल. कार्बोरेटर असेल तर पेट्रोलचा कॉक बंद करून वाटीतलं पेट्रोल काढून टाका. पायलट जेटचं भोक अगदी बारीक असतं, थोडासा थरही त्याला पुरतो.

ऑइल वसंतात बदलू, असं बरेच जण म्हणतात. मला ते पटत नाही. वापरलेल्या ऑइलमध्ये आम्ल आणि पाणी साठलेलं असतं, ते चार-पाच महिने बेअरिंगांना लागून का राहू द्यायचं? इंजिन गरम असतानाच ऑइल आणि फिल्टर बदला.

बॅटरी काढून घरात आणा. पूर्ण उतरलेल्या बॅटरीतलं द्रावण उणे १० अंशांच्या आसपास गोठतं आणि खोकं फुटतं. पूर्ण भरलेली बॅटरी उणे ५० लाही तग धरते. महिन्यातून एकदा व्होल्ट मोजा, १२.४ च्या खाली गेले की चार्ज करा. आपोआप थांबणारा चार्जर असेल तर उत्तम. पाण्याने थंड होणारं इंजिन असेल तर रेडिएटरमध्ये नुसतं पाणी नाही ना, हे आधी तपासा, कारण गोठलेलं पाणी इंजिनाचा ब्लॉक फोडतं.

टायरमध्ये हवा पूर्ण भरा, चेन धुऊन तिला ऑइल द्या, मिठाचा कण राहू देऊ नका. प्लास्टिकऐवजी हवा खेळेल असं कापडी कव्हर घाला. सायलेन्सरच्या तोंडात स्टीलची लोकर कोंबा. गॅरेजातले उंदीर थंडीत ऊब शोधतात आणि सायलेन्सरमध्ये नाहीतर एअर फिल्टरच्या डब्यात घरटं करतात. सायलेन्सर बंद केल्याची चिठ्ठी किल्लीला बांधून ठेवा.

आणि एवढं सगळं केल्यावर गाडी अजिबात सुरू करू नका. दर रविवारी पाच मिनिटं इंजिन चालवणारे माझे शेजारी ते प्रेमापोटीच करतात. पण एवढ्यात इंजिन पुरतं तापत नाही. जळलेल्या पेट्रोलमधून निघणारं पाणी सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये तसंच राहतं. स्टार्टरने खाल्लेला चार्जही पाच मिनिटांत भरून निघत नाही.

कोकणात बर्फ नाही, पण पावसाळाभर प्लास्टिक गुंडाळून ओटीवर ठेवलेल्या गाडीची गत फार वेगळी नसते. भारतात आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, त्यामुळे तिथे महिनोन्महिने गाडी उभी ठेवणाऱ्यांनी टाकीकडे जास्तच लक्ष द्यावं.

वसंतात आधी ती लोकर काढा, मग बॅटरी जोडा. ब्रेक दाबून बघा, टायरची हवा पुन्हा तपासा. पहिल्या उबदार दिवशी घाई नको. वळणांवर हिवाळ्यातली वाळू पडलेली असते आणि तिच्यावर पुढचं चाक सहज घसरतं. दोन-तीन चांगले पाऊस पडून रस्ते धुतले जाईपर्यंत गाडी आतच राहू द्या.