आधी कागदावर झोन, मग ॲम्पवर हात

अक्षता पडल्या आणि पाहुणे पंगतीकडे वळले. भोजनकक्षात मंद सनई चालू होती. ती एकदम दबली आणि गुरुजींचा आवाज खणखणीत आला, "यजमान, ठरलं होतं त्यातलं निम्मंच पाकिटात दिसतंय!" गुरुजी होते रिकाम्या सभागृहात, माइक अजून उपरण्याला अडकवलेला. वाढपी जिलबीचं ताट धरून जागच्या जागी थांबले आणि पंगतीत हशा पिकला. वधूपित्याचा चेहरा मात्र बघवत नव्हता.

मी या मंगल कार्यालयाची व्यवस्था पाहतो, त्यामुळे बोलणी मला खावी लागली. ॲम्प (ॲम्प्लिफायर) बसवणाऱ्यानं सगळे इनपुट सगळ्या झोनना, म्हणजे कार्यालयाच्या सगळ्या भागांना, देऊन टाकले होते. वर गुरुजींच्या माइकला 'प्रायॉरिटी'ही होती, म्हणजे त्यात कुणी बोललं की बाकीचा आवाज आपोआप खाली. "सगळीकडे ऐकू येतंय ना? मग झालं!" एवढीच त्याची तपासणी. खरं तर कुठे काय ऐकू येता कामा नये, हे आधी विचारायला हवं होतं.

म्हणून पहिलं काम कागदावर. डावीकडे इनपुट लिहा: गुरुजींचा माइक, निवेदनाचा माइक, सनईचा लॅपटॉप. वर झोन लिहा: सभागृह, भोजनकक्ष, वधू-वरांच्या खोल्या, प्रवेशद्वार. मग एकेका चौकटीत हो किंवा नाही. आमच्याकडे आता गुरुजी फक्त सभागृहात, सनई सभागृहात आणि भोजनकक्षात, निवेदन सगळीकडे. प्रायॉरिटीही फक्त निवेदनाला.

हा कागद घेऊनच दुकानात जा. नुसती झोनची बटणं असलेल्या ॲम्पमध्ये आतला ॲम्प एकच असतो. बटणानं झोन चालू-बंद होतो, पण चालू असलेल्या सगळ्या झोनमध्ये एकच कार्यक्रम वाजतो. सभागृहात मंगलाष्टकं आणि त्याच वेळी भोजनकक्षात सनई हवी असेल, तर प्रत्येक झोनला स्वतंत्र चॅनल आणि कोणता इनपुट कुठे जायचा ते ठरवण्याची सोय असलेला ॲम्प लागतो.

इनपुट जोडताना पातळी बघा. माइकचा सिग्नल काही मिलिव्होल्टचा, लॅपटॉपचा त्याच्या शेकडो पट. लॅपटॉप माइकच्या जागी लावला तर आवाज फाटतो आणि माइक लाइनच्या जागी लावला तर कुजबुज ऐकू येते. कंडेन्सर माइकसाठी दिलेला ४८ व्होल्टचा फँटम पुरवठा लॅपटॉपच्या इनपुटवर बंदच हवा. लॅपटॉपचे डावा-उजवा दोन्ही चॅनल योग्य केबलनं एकत्र करून द्या, नाहीतर गाण्यातली काही वाद्यं गायब होतात.

स्पीकरचं गणित सोपं आहे. स्पीकर १०० व्होल्ट लाइनवर असतील, तर प्रत्येकाच्या ट्रान्सफॉर्मरला १०, ५, २.५ वॉट असे टॅप असतात, म्हणजे स्पीकर किती वॉट घेईल ते ठरवणारे पर्याय. निवडलेल्या टॅपची बेरीज चॅनलच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांत ठेवा. २५० वॉटच्या चॅनलवर १० वॉटचे २० स्पीकर, बस्स. खोलीत लहान टॅप, सभागृहात मोठा. या लाइनवर साधा ४ किंवा ८ ओहमचा स्पीकर थेट जोडू नका, आणि ॲम्प चालू असताना वायरीला हात लावू नका. शॉक बसतो.

मग चाचणी. एकानं माइकवर बोलावं, दुसऱ्यानं कागद हातात धरून सगळ्या झोनमधून फिरावं. 'हो'च्या चौकटीइतकीच 'नाही'ची चौकटही तपासावी. सगळं जुळलं की गेनच्या (इनपुटच्या पातळीच्या) खुणा करून पॅनलचा फोटो काढून ठेवा. लग्नसराईत कोण कुठलं बटण फिरवेल, सांगता येत नाही.

शेवटचं, पण टाळू नये असं. प्रवेशद्वाराचा झोन सभागृहापासून वेगळाच ठेवा. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक चालत नाही. बंद सभागृहात, आतल्या आत ऐकू जाण्यापुरती मुभा आहे. झोन वेगळा असेल तर दहाच्या ठोक्याला बाहेरचं एक बटण बंद करायचं आणि आतला स्वागतसमारंभ चालू ठेवायचा. दोन्ही एकाच झोनवर असतील तर आतलाही आवाज बंद करावा लागेल, आणि तेव्हा यजमानांची समजूत काढायला साउंडवाला नाही, तुम्हीच उभे असाल.